साडेअकराची जागा

न्यूयॉर्क, ९ मे २०२३

प्रिय बाबा,

लेखक संपावर गेले तर नेमकं कुणाचं काय अडतं? प्रश्न माझा नाही, तुमचा आहे. ॲडमदादानं फोनवर सांगितला. बूट घालता घालता तुम्ही म्हणालात म्हणे, "पाववाले थांबले तर गाव उपाशी. कचरावाले थांबले तर गावाला वास. ही टिंगलवाली थांबली तर काय होईल? लोक काय रडत झोपतील?" दादा सांगताना हसला, मीही हसले. फोन ठेवल्यावर मात्र उत्तर शोधायला बसले आणि खरं सांगते, मला ते सापडलेलं नाही. हातात फलक घेऊन गेटसमोर फेऱ्या घालताना तेच डोक्यात असतं.

उत्तर नसलं तरी पत्र लिहायला हरकत नाही, असं ठरवलंय. आपण बोलत नाही हे मला माहीत आहे. पण आत्तापर्यंत आपलं अगदीच काही चालू नव्हतं असंही नाही. तुम्ही दिवसा झोपून रात्री उठायचात, साडेअकराला खुर्चीत बसून टीव्हीवर आमचा विनोदी कार्यक्रम 'आजचं एवढंच' बघायचात आणि तो संपला की डबा घेऊन पावाच्या डेपोवर जायचात. मी तिथे लेखक म्हणून लागल्यापासून एकही रात्र चुकवली नाहीत, हे मला ॲडमकडून कळत होतं. म्हणून मी अधूनमधून आपल्याकडचं काहीबाही कार्यक्रमात सरकवून द्यायचे. संरक्षणमंत्र्यांवरच्या त्या विनोदात आपल्या गल्लीतल्या दूडेक मावशींचा हंस होता ना, तो तुमच्यासाठी होता. दुसऱ्या दिवशी ॲडमचा निरोप आला: "बाबा म्हणतात, हंस नव्हता, बदक होतं." ते वाक्य मी कितीतरी दिवस खिशात घेऊन फिरले.

आता आमची लेखणी खाली आहे. कार्यक्रम सादर करणारा व्हिट लोरिमर घरी बसलाय, कारण आम्ही लिहून दिल्याशिवाय तो फक्त एक उंच, देखणा माणूस आहे. साडेअकराला जुने भाग लागतात. तुम्ही दोन मिनिटं बघता, "हा झालाय," म्हणता आणि बंद करता, असं कळलं. मग डेपोवर जायची वेळ होईपर्यंत काय करता, हे ॲडमलाही सांगता आलं नाही.

म्हणून मी लिहीत राहणार. आमच्या फेरीची प्रमुख रूथ ॲडलर आहे. ती या धंद्यात माझ्या जन्माच्या आधीपासून आहे. तिला मी विचारलं, संपात वडिलांना पत्र लिहिलं तर चालतं का. ती म्हणाली, "तुझा बाप टीव्ही कंपनी आहे का? नाही ना? मग लिही. आणि विनोद चांगले घाल, इथले फलक वाचून मला झोप येते."

तुमची,
टेक्ला


न्यूयॉर्क, २९ मे

प्रिय बाबा,

तुमचा लिफाफा मिळाला. आत पत्र नव्हतं, नुसतं आपल्या गावच्या 'कोल्टन क्रॉनिकल'चं कात्रण आणि एका वाक्याखाली निळ्या पेन्सिलीची रेघ. अक्षर नसलं तरी पेन्सिल ओळखली. तीच ना, पावाच्या क्रेटवर खुणा करायची?

महापौर क्रेगन साहेबांचं ते वाक्य मी तीनदा वाचलं. "नगरपालिकेचा पोहण्याचा तलाव बंद नाही. तलाव विश्रांती घेत आहे." बाबा, असं वाक्य हाती यावं म्हणून आमच्या खोलीतली मोठमोठी माणसं पेन्सिली चावत बसतात, आणि तुमच्याकडे ते दारात येऊन पडतं.

घ्या, तुमच्यासाठी आजचं बातमीपत्र. इतर कुणासाठी नाही.

"कोल्टनच्या तलावाच्या प्रकृतीविषयी ताजी माहिती. तलाव शुद्धीवर आहे. पाणी सोडून बाकी सगळं घेतो. मागच्या उन्हाळ्यातही तो विश्रांतीच घेत होता आणि त्याच्या मागच्या उन्हाळ्यातही. एवढ्या अनुभवावर नगरपालिकेत सहज नोकरी लागते, तेव्हा त्यानं अर्ज करावा. जवळून जाताना हळू बोलावं, अशी महापौरांची विनंती आहे. ज्या मुलांना पोहायचंच असेल त्यांनी घरी सतरंजीवर पालथं पडून पोहावं. बुडण्याची भीती नाही. महापौर स्वतः गेली तीन वर्षं असंच पोहत आहेत आणि अजून कुठेही पोहोचलेले नाहीत."

वाचून तुम्ही नाकातून एकदा हवा सोडली असेल तर मी समाधानी आहे. तुमचं हसू तेवढंच असतं हे मला ठाऊक आहे.

इकडची एक गंमत. क्वीन्समधल्या एका स्टुडिओत आधीच लिहून झालेल्या संहितांवर मालिकेचं चित्रीकरण चालू होतं, ते थांबवायचं होतं. आमची मंडळी रोज नऊला पोचायची, घोषणा द्यायची, कॉफी प्यायची. आत काम निवांत चालू. कुणाला कळेना, ट्रकवाले आपली फेरी तोडून आत जातातच कसे. विनोद लिहिणाऱ्या माणसांचे डोळे नऊच्या आधी उघडत नाहीत हो! ट्रक पहाटेच आत गेलेले असायचे. ज्या घरात पहाटे पाव पोचवून आलेला बाप पोरांच्या न्याहारीच्या वेळी झोपायला जातो, त्या घरातल्या मुलीला हे कळायला एक सकाळ पुरली.

दुसऱ्या दिवशी अंधारात मी, रूथ आणि डेझमंड, तिघंच गेलो. डेझमंड आमच्यातला सगळ्यात जुना लेखक. तो कोटाखाली पायजम्यावरच आला होता. एक मोठा ट्रक आला, थांबला. ड्रायव्हरनं काच खाली केली.

"फेरी खरी आहे, का फिरायला आलात?"

"खरी आहे," मी म्हणाले.

"या पायजम्यातल्या बाबाचीसुद्धा?"

"त्यांची सगळ्यात खरी. ते तीस वर्षांत पहिल्यांदा सूर्य बघतायत."

त्यानं मान हलवली, भोंगा वाजवला आणि तो अजस्र ट्रक मागे घेऊन निघून गेला. त्याच्यामागचाही फिरला. दुपारपर्यंत चित्रीकरण बंद. "एक माणूस फेरी घालत असला तरी ट्रक वळवायचा, कोण आहे, कशासाठी आहे, हे नंतर विचारायचं." जेवताना तुम्ही हे इतक्यांदा सांगितलंत की मला ते कंटाळवाणं वाटायचं. त्या पहाटे नाही वाटलं.

टेक्ला


न्यूयॉर्क, २ जुलै

प्रिय बाबा,

ॲडमनं सगळं सांगितलं, लपवू नका!

तुम्ही माझी पत्रं डेपोवर नेता. ट्रक भरून होईपर्यंत क्रेटवर उभे राहून मोठ्यानं वाचता. एकाही ठिकाणी हसत नाही, आवाज चढवत नाही, स्वल्पविरामालासुद्धा थांबत नाही. तुमच्याबरोबरचा बिग लू ओरडला म्हणे, "लेओन, बातम्या वाचतोयस की शवपेट्यांचे भाव?" आणि माणसं हसून हसून पिठाच्या पोत्यांवर पडली. व्हिटला एवढं हसू मिळवायला पावडर लागते, बँड लागतो, समोर हसायला आणून बसवलेली माणसं लागतात. मला थोडी असूया वाटली, हे कबूल करते.

आणि उशा! पहिली उशी कुणी ठेवली, ते अजून कुणी कबूल करत नाही, असं ॲडम म्हणाला. आईची फुलांची निळी उशी घरातून गायब आहे, एवढंच त्याला माहीत. तलावाच्या कुलूपबंद फाटकापाशी आता चाळीसएक उशा आहेत, एक गोधडी आहे आणि कुणीतरी पाटी लावली आहे, "शांतता राखा, तलाव झोपला आहे." नगरपालिकेच्या बैठकीत महापौर बोलायला उठले तेव्हा मागच्या रांगेतून दूडेक मावशी "श्श्श!" म्हणाल्या आणि सगळं सभागृह "श्श्श!" म्हणालं. तिथेच त्यांनी दुरुस्तीची तारीख दिली. तारीख पाळतील का, देव जाणे. पण तीन उन्हाळे जे अर्ज-विनंत्यांनी झालं नाही ते निदान तोंडातून तरी निघालं.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर मला थोडंथोडं दिसायला लागलंय. मे महिन्यात एका सिनेटरनं, नाव राहू दे, टीव्हीवर धडधडीत एक थाप मारली. आमचा कार्यक्रम असता तर त्या रात्रीच व्हिटनं तिची चड्डी काढली असती. कुणी काढली नाही. आठवड्यानं तो तीच थाप आणखी ठासून सांगत होता. महिन्यानं तर शहाणीसुरती माणसंही ती एकमेकांना सांगू लागली. थाप ओल्या सिमेंटसारखी असते बाबा. ओली आहे तोवर बोटानं खोडता येते. आमचं काम रोज रात्री ते बोट फिरवायचं.

हे पूर्ण उत्तर नाही. तुम्ही म्हणाल, वर्तमानपत्रं आहेत की. आहेत. म्हणून अजून शोधतेय.

आईला सांगा, उशी मी नवीन आणेन.

टेक्ला


न्यूयॉर्क, १२ सप्टेंबर

प्रिय बाबा,

मध्ये मी फक्त बातमीपत्रंच पाठवली, स्वतःचं काही लिहिलं नाही. तुमची कात्रणं मात्र नियमानं येत राहिली. आज स्वतःचं लिहायचं आहे.

व्हिट लोरिमरचा फोन आला होता. सोमवारी, अठरा तारखेला, 'आजचं एवढंच' परत सुरू होतोय. लेखकांशिवाय.

तो वाईट माणूस नाही, हे आधी सांगते. कॅमेऱ्यावरची लोरेन, रंगभूषेतली माणसं, दिवे लावणारे, सगळे मे महिन्यापासून घरी आहेत. संप त्यांचा नाही आणि चुली मात्र त्यांच्याही विझल्यात. व्हिट म्हणाला, "टेक्ला, लोरेननं काल फोनवर काही मागितलं नाही. नुसतं 'कसे आहात' विचारलं. तू असतीस तर काय केलं असतंस?"

मग म्हणाला, "तू लिहू नकोस. माझ्याबरोबर रोज दुपारी कॉफी घे आणि बोल. बोलण्यावर तर संप नाही ना? मी लक्षात ठेवीन. कुणाला कळणार नाही."

"मला कळेल ना," मी म्हणाले.

"तू तर माझ्या आईसारखी बोलतेस," तो म्हणाला. मग सांगितलं की संप मिटल्यावर माझा तेरा-तेरा आठवड्यांचा करार पूर्ण वर्षाचा होईल. माझं टेबल खिडकीजवळ जाईल. आणि पहिल्याच रात्री त्याला आपला तलाव हवा आहे. उशांचा फोटो कुठल्याशा मोठ्या वर्तमानपत्रात आला, तो त्यानं पाहिला. "ही तुझ्या गावची गोष्ट आहे, तुझ्यासारखी कुणाला सांगता येणार नाही. सगळा देश हसेल."

सगळा देश सोडा. साडेअकराला तुम्ही खुर्चीत बसाल आणि व्हिट लोरिमर कोल्टनचं नाव घेईल, हे चित्र मला स्पष्ट दिसलं. पूर्वीसारखं. तुम्ही दुसऱ्या दिवशी ॲडमकरवी निरोप पाठवाल, "उशी निळी होती, हिरवी नाही."

मी त्याला लगेच नाही म्हटलं नाही. सोमवारी सकाळी सांगते म्हणाले. हे लिहायला मला आवडत नाही, पण तुम्हाला सोडून कुणाला लिहू?

नाताळच्या आदल्या रात्री आपलं जे झालं त्याला आता दोन वर्षं होतील. तुम्हाला वाटत होतं, कामगारांच्या वर्गणीतल्या शिष्यवृत्तीवर शिकलेली पोर कामगारांची वकील होईल. तुम्ही सगळ्यांसमोर म्हणालात, "टिंगल करायला कॉलेज कशाला लागतं? आपल्या गल्लीत ती सगळेच फुकट करतात." मी ताटावरून उठले. अवचित येणाऱ्या पाहुण्यासाठी आई दर वर्षी त्या रात्री एक जादाची ताटली मांडते ना, ती मला नेमकी आठवते, कारण जाताना माझी बाही तिला लागली. आई नंतर म्हणाली, त्या वर्षी टेबलावर दोन ताटल्या रिकाम्या राहिल्या. तुम्हाला तेव्हा वाटलं, मी आपली बाजू सोडली. आता व्हिटबरोबर कॉफी प्यायले तर तुमचं म्हणणं खरं होईल. नाही प्यायले तर बहुतेक नोकरी जाईल आणि तुमचं साडेअकरा मी कायमचं हरवेन.

सल्ला मागत नाही. फक्त सांगितलं.

टेक्ला


कोल्टन, सोमवार, १८ सप्टेंबर

प्रिय बाबा,

या लिफाफ्याला तिकीट नाही, हे तुमच्या लक्षात आलं असेलच. कारण खाली येईल.

शनिवारी तुमचं पत्र मिळालं. त्याला पत्रच म्हणते. टीव्हीच्या वेळापत्रकाचं कात्रण होतं, 'आजचं एवढंच'भोवती निळं वर्तुळ होतं आणि मागच्या बाजूला, किती दिवसांनी, तुमचं अक्षर.

"टीव्ही लावला तर फेरी तुटते का?"

मी ते घेऊन रूथकडे गेले. तिनं चष्मा लावून वाचलं, पुन्हा वाचलं. म्हणाली, "प्रेक्षकांवर संघटनेचं काही बंधन नाही. खुशाल बघू देत. त्यांना सांग." मग कागद परत देताना म्हणाली, "हा माणूस ट्रक चालवतो का गं?"

"हो."

"वाटलंच," म्हणाली आणि तिनं चष्मा बराच वेळ पुसला.

तेव्हा नियमाचं उत्तर हे आहे: तुम्ही टीव्ही लावू शकता, काही तुटत नाही.

पण बाबा, मे महिन्यापासून तुम्ही "हा झालाय" म्हणून टीव्ही बंद करताय. कामावर जायच्या आधीचा तेवढाच वेळ तुम्हाला हसायला मिळायचा. तो परत येतोय म्हटल्यावर तुम्ही आधी आम्हा टिंगलवाल्यांना विचारलंत, तुमच्या फेरीतून जाऊ का. कात्रण हातात घेऊन मी रस्त्याच्या कडेला उभी होते आणि तुमचा मे महिन्यातला प्रश्न आठवला. लेखक थांबले तर कुणाचं काय अडतं? दुनियेचं मला अजूनही सांगता येणार नाही. पण लेओन गुराल नावाच्या एका माणसाचं काय अडतं, ते आता मी छातीठोकपणे सांगू शकते. तेवढ्यावर माझं भागेल.

आज सकाळी उजाडायच्या आत आमच्याच स्टुडिओच्या गेटवर गेले. फेरीत सगळे होते, डेझमंड या वेळी नीट विजार घालून. समोरच्या फुटपाथवर लोरेन आत जायला उभी होती. तिला आणि मला, दोघींनाही कुठे बघावं कळेना. शेवटी तिनं हात हलवला, मीही हलवला. ती आत गेली. मला तिचा राग आला नाही आणि मी बाहेर आहे याचा पश्चात्तापही झाला नाही.

तिथूनच व्हिटला फोन केला. म्हणाले, "कॉफी नको."

"विचार केलास?"

"केला. आणि तलावही घेऊ नका. तो माझा नाही. कोल्टनच्या पावाच्या डेपोत एक माणूस तो रोज सांगतो, तुमच्यापेक्षा बरा सांगतो."

मग म्हणाला, "तुझ्या जागी दुसरं कुणी आलं तर माझ्यावर रागावू नकोस."

"मी नाही रागावणार. पण त्यांनाही आधी गेटवर मी भेटेन," मी म्हणाले. तो हसला. व्हिटला मी लिहून न देता आलेलं हे पहिलं हसू असावं. नोकरी राहील असं वाटत नाही. मला भीती वाटत नाहीये, हे लिहिताना मीच दोनदा तपासून पाहिलं. खरंच वाटत नाहीये. संप आम्ही जिंकू. आणि नाही जिंकलो तरी विनोद मला कुठेही करता येतो, हे या उन्हाळ्यात पिठाच्या पोत्यांवर सिद्ध झालंय.

फेरी संपवून मी गावची बस पकडली.

आता दुपार आहे. तुम्ही वर झोपला आहात, घोरणं खालीपर्यंत येतंय. आई बिटाचं सूप ढवळते आहे आणि मध्येमध्ये माझ्या डोक्यावर ओला हात ठेवते, मी खरंच आहे का हे बघायला. ॲडमला फोन केला तर म्हणतो, "थांब, मी येईपर्यंत बाबांना उठवू नकोस, मला बघायचंय." निळी उशी अजून तलावाच्या फाटकावरच आहे, येताना बघून आले. आत दोन माणसं भेगा बुजवत होती.

हे पत्र तुमच्या डब्यावर ठेवते आहे, म्हणजे उठल्यावर आधी तेच दिसेल. रात्री टीव्ही लावायचा की नाही, ते तुमचं तुम्ही ठरवा. नियम सांगितला आहे. साडेअकरासाठी मी ताजं बातमीपत्र आणलंय, पण आज तुम्ही वाचायचं नाही, तुम्ही ऐकायचं. नंतर मला डेपोवर घेऊन चला. बिग लूला मला शवपेट्यांचे भाव विचारायचेत.

नाताळ लांब आहे, तरी कपाटातली जादाची ताटली मी काढली. आईनं सरकून जागा करून दिली. ताटली तुमच्या खुर्चीच्या समोरच्या बाजूला मांडली आहे आणि मी तिच्यापाशी बसले आहे.

टेक्ला